विलायती अँप्लिफायर आणि त्याचे मुंबईकर पर्याय

१

संगीताच्या इतिहासाचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः गायक, वादक आणि रचना यांजकडे वेधले जाते. ज्या यंत्रातून तो नाद अखेरीस श्रोत्याच्या कानी पडतो त्या यंत्राचा विचार क्वचितच होतो. विद्युत्-गिटारच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष बाधक ठरते. सतारीचा भोपळा काढून घेतला तर जे उरेल ते जसे सतार या नावास पात्र नव्हे, तसेच अँप्लिफायरवाचून विद्युत्-गिटारचे होय. तिच्या भरीव लाकडास स्वतःची पोकळी नाही. तारेच्या कंपनाने चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात उत्पन्न होणारा क्षीण विद्युत्प्रवाह एवढेच तिचे धन. त्यास आवाज, रंग आणि आस देणारा अँप्लिफायर हा तिचा भोपळाच आहे. म्हणून अँप्लिफायर बदलणे म्हणजे वाद्याचा अर्धा भाग बदलणे होय.

इ. स. १९६० नंतरच्या दोन दशकांत ज्या विलायती अँप्लिफायरांनी रॉक संगीताचा नाद घडविला, त्यांत व्हॉक्स एसी-३० आणि मार्शल ही दोन नावे अग्रगण्य आहेत. ती यंत्रे मुंबईच्या सामान्य वादकास मिळणे दुरापास्त होते. त्याने त्यांच्या जागी जे वापरले त्याची संभावना आजवर ‘नक्कल’, ‘तडजोड’, ‘गरिबाची सोय’ अशा शब्दांनी होत आली आहे. या शब्दांमागे एक गृहीत तत्त्व दडलेले आहे. ते असे की एक वस्तू मूळ असते, दुसरी तिची बदली असते, आणि बदलीचा इतिहास हा उणिवेचा इतिहास असतो. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे. विलायती अँप्लिफायर स्वतःच कशाची तरी बदली होता, आणि मुंबईतील निवडीमागेही तशाच स्वरूपाची, परंतु निराळ्या परिस्थितीतून आलेली कारणे होती, असे या विवेचनातून दिसून येईल.

परिभाषेविषयी एक खुलासा अवश्य आहे. मराठीत ‘ध्वनिवर्धक’ हा शब्द अँप्लिफायर, कर्णा आणि कधी कधी मायक्रोफोन या तिहींसाठी सैलपणे योजिला जातो. येथे तिन्ही वस्तू निरनिराळ्या मानावयाच्या असल्याने प्रचारातील अँप्लिफायर हाच शब्द ठेविला आहे.

२

प्रथम मूळ समजल्या जाणाऱ्या वस्तूकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची तीव्र टंचाई जाणवू लागली आणि अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध आले. ते १९५९ पर्यंत टिकले. त्याच वर्षी क्लिफ रिचर्डने आपला साथीदार हँक मार्व्हिन याजसाठी फेंडर कंपनीची गिटार अमेरिकेहून मागविली, ही गोष्ट त्या देशातील संगीतेतिहासात आवर्जून सांगितली जाते. एक गिटार परदेशातून आली ही घटना नोंद घेण्याजोगी वाटावी, यावरूनच त्या काळच्या दुर्भिक्ष्याची कल्पना येईल.

या दुर्भिक्ष्यातच केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉमस जेनिंग्ज यांच्या कारखान्यात डिक डेनी या तंत्रज्ञाने व्हॉक्स एसी-१५ आणि तदनंतर १९५९ च्या सुमारास एसी-३० हे अँप्लिफायर सिद्ध केले. दुसरे यंत्र हे पहिल्याचीच दुप्पट शक्तीची आवृत्ती होते. त्यात वापरलेला ईएल-८४ हा व्हॉल्व्ह काही रॉक संगीतासाठी निर्माण झालेला नव्हता. घरगुती रेडिओ आणि रेडिओग्रॅम यांत स्पीकर चालविण्यासाठी तो सर्रास वापरला जाई. असे चार व्हॉल्व्ह आणि बारा इंची दोन सेलेस्शन स्पीकर एका पेटीत बसवून सुमारे ३० वॅट शक्ती मिळविण्यात आली. सारांश, दिवाणखान्यातील रेडिओचा व्हॉल्व्ह रंगमंचावर आला.

मार्शलची कथा याहून बोलकी आहे. जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे १९६० मध्ये त्यांनी वाद्यांचे दुकान थाटले. अमेरिकन फेंडर अँप्लिफायर महाग पडतात, तसाच नाद देणारे यंत्र येथेच का होऊ नये, अशी तरुण गिटारवादकांची मागणी होती. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी फेंडरच्या ‘बेसमन’ या यंत्राचे मंडल समोर ठेवून १९६२–६३ च्या सुमारास जेटीएम-४५ हे यंत्र तयार केले. मंडल जवळजवळ जसेच्या तसे होते; परंतु सुटे भाग मात्र ब्रिटनमध्ये मिळणारेच घ्यावे लागले. पहिल्या पायरीवर ईसीसी-८३ हा अधिक वर्धन करणारा व्हॉल्व्ह आला. शेवटच्या पायरीवर लवकरच ब्रिटिश केटी-६६ आणि पुढे ईएल-३४ आला. अमेरिकन यंत्रातील मागून उघड्या पेटीतील दहा इंची चार स्पीकरांच्या जागी मागून बंद पेटीतील बारा इंची चार सेलेस्शन स्पीकर बसले. या फेरबदलांचा परिणाम म्हणून नाद लवकर फाटू लागला आणि तो मध्य सप्तकात दाटून आला. ज्यास आज जग ‘ब्रिटिश नाद’ म्हणून गौरविते तो हाच. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या संचाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणाने त्यास कायमची प्रतिष्ठा मिळवून दिली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बेसमन हे यंत्र नावाप्रमाणेच बेस गिटारसाठी, म्हणजे खर्जातील साथीसाठी, बनविलेले होते. म्हणजे मार्शलने जे अनुकरण केले ते एका परक्या हेतूच्या यंत्राचे, परक्या भागांनी केलेले अनुकरण होते. आयातीची अडचण, स्थानिक सुटे भाग आणि मूळ हेतूहून भिन्न उपयोग या तीन गोष्टींच्या संयोगातून ‘मूळ’ जन्मास आले.

३

आता या यंत्राच्या जागी दुसरे यंत्र निवडावयाचे म्हणजे नेमके कशास पर्याय शोधावयाचा? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून मुंबईतील निवडीचे मूल्यमापन करता येणार नाही. तंत्रदृष्ट्या चार घटक वेगळे करता येतात.

पहिला घटक प्रवेशद्वाराचा. गिटारमधील वेटोळ्याचा विद्युत्-अवरोध बराच मोठा असल्याने अँप्लिफायरचा प्रवेश-अवरोध त्याच्या अनेक पटींनी मोठा असावा लागतो. नाही तर तार सप्तकातील तेज हरपते. दुसरा घटक अतिभाराच्या वर्तनाचा. व्हॉल्व्हवर त्याच्या मर्यादेपलीकडे भार टाकला असता लहरीचे शिखर हळूहळू दबते, तर साध्या ट्रान्झिस्टर मंडलात ते एकाएकी छाटले जाते. रॉक संगीताने हा दोषच गुण म्हणून स्वीकारला.

तिसरा घटक इंजिनियर ज्यास निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात त्याचा. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून मागे फिरविला की विकृती कमी होते, ही युक्ती हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत शोधून काढली. भाषणासाठी बनविलेल्या अँप्लिफायरात ती अवश्य असते, कारण तेथे शब्द स्पष्ट ऐकू येणे महत्त्वाचे. एसी-३० मध्ये मात्र शेवटच्या पायरीवर ही युक्ती योजिलेलीच नाही. त्यामुळे तो सौम्यपणे वाजवला तर स्वच्छ आणि जोरात वाजवला तर रांगडा होतो. चौथा घटक स्पीकरचा. गिटारचा स्पीकर पाच-सहा हजार कंपनांच्या वरचा भाग फारसा उमटू देत नाही, त्यामुळे फाटलेल्या नादाचा कर्कशपणा गाळला जातो. कर्णा याच्या उलट वागतो. तो खर्ज टाकून देतो आणि मधला भाग धारदार करून दूरवर फेकतो.

वॅट या आकड्यास वादक फार महत्त्व देतात. परंतु इतिहासदृष्ट्या तो सर्वांत कमी महत्त्वाचा होय. ३० वॅट आणि १५ वॅट यांतील भेद केवळ ३ डेसिबलांचा आहे.

४

मुंबईपुरते पाहता, विलायती यंत्राच्या बाजूने एक मोठी अनुकूलता होती. आपली वीज ब्रिटनप्रमाणेच सेकंदास ५० आवर्तनांची आणि २३० व्होल्टच्या आसपासची. तीन गोल दांड्यांचा प्लगही ब्रिटिश पद्धतीचाच. अमेरिकन यंत्रास लागणारा व्होल्टेज उतरविण्याचा ट्रान्सफॉर्मर विलायती यंत्रास लागत नसे. अडचण विजेची नव्हती, परकीय चलनाची होती. आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा १९४७ मध्ये झाला, आणि १९५६–५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर चैनीच्या वस्तूंस परवाना मिळणे जवळजवळ अशक्य झाले. तशात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंडाचा भाव सुमारे १३.३३ रुपयांवरून २१ रुपयांवर गेला. शंभर पौंडांची वस्तू एका दिवसात १,३३३ रुपयांऐवजी २,१०० रुपयांची झाली. आणि ही जकातीपूर्वीची किंमत होय.

तथापि सुट्या भागांची स्थिती याहून वेगळी होती, आणि हा मुद्दा निर्णायक आहे. बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे आणि १९६२ मध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या जातीच्या भागांचे उत्पादन सुरू केले. मुलुंडच्या हद्दीपलीकडेच ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांचा बाजार भरभराटीस आला होता, आणि लोकलगाडीने उपनगरातला कोणीही कारागीर तेथे तासाभरात पोहोचू शकत असे. म्हणजे तयार यंत्र अप्राप्य असले तरी त्याचा व्हॉल्व्ह, त्याचे मंडल समजण्याची विद्या आणि ते जोडणारे हात उपलब्ध होते. रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्री हाच अशा परिस्थितीत अँप्लिफायरचा कर्ता बनतो. डार्टफर्ड आणि हॅनवेल येथेही याहून फार वेगळे काही घडले नव्हते.

५

उपनगरांचा संदर्भ येथे महत्त्वाचा ठरतो. अंधेरी आणि घाटकोपर ही गावे १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. वस्ती वाढत गेली तशी सार्वजनिक गणेशोत्सव, नवरात्र, लग्ने, सभा यांची संख्याही वाढली, आणि त्यांस लागणारा मंडप, दिव्यांच्या माळा, मायक्रोफोन आणि कर्णे भाड्याने देणारा व्यावसायिक नाक्यानाक्यावर उभा राहिला. त्याच्यापाशी असलेला अँप्लिफायर भाषणासाठी बनविलेला होता. १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अहुजा कंपनीची यंत्रे या व्यवसायात इतकी रुळली की कित्येक ठिकाणी ते नावच वस्तूचे नाव होऊन बसले.

वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांतील लग्नाच्या मेजवान्यांत आणि चर्चच्या सभागृहांत गिटार वाजविणाऱ्या तरुणांपुढे, तसेच महाविद्यालयीन बीट संचांपुढे, हाच अँप्लिफायर सर्वांत जवळचा पर्याय होता. सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय बीट स्पर्धेतील १९७० आणि १९७१ च्या संचांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. अशा ध्वनिमुद्रिका ऐकताना गिटारच्या नादातील धार ही केवळ वादकाच्या बोटांची नसून यंत्राचीही असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भाषणाच्या अँप्लिफायरचे चारही घटक गिटारच्या गरजेच्या विरुद्ध दिशेचे होते. त्याचे प्रवेशद्वार मायक्रोफोनसाठी, विकृती टाळण्याची सोय कडक, अतिभार अकस्मात्, आणि शेवटी कर्णा. वादकांनी यावर उपाय योजिले. निराळे प्रवेशद्वार लावून घेणे, कर्ण्याऐवजी लाकडी पेटीतला स्पीकर जोडणे, किंवा मिस्त्रीकडून सबंध यंत्रच बांधून घेणे, असे ते होते. हे उपाय म्हणजे वर सांगितलेल्या चार घटकांपैकी कोणता राखावयाचा आणि कोणता सोडावयाचा याविषयीचा निर्णयच होय.

याच अँप्लिफायरचा दुसरा प्रवास मात्र अधिक स्वतंत्र आहे, आणि मराठी अभ्यासकाने त्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. तो म्हणजे बेंजो पार्टीचा. येथील बेंजो हे अमेरिकन बँजोहून सर्वस्वी भिन्न वाद्य आहे. तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसविलेले हे वाद्य बुलबुलतरंग याच कुळातले असून त्याचा उगम जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी निर्मिलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. मुंबईच्या गल्ल्यांत त्यास विद्युत्-वेटोळे जोडले गेले, आणि गणपतीच्या व गोविंदाच्या मिरवणुकीत ताशांच्या जोडीने ते कर्ण्यांतून गर्जू लागले.

मिरवणुकीची गरज लक्षात घेतली तर या निवडीचे मर्म कळते. एसी-३० च्या चार ईएल-८४ व्हॉल्व्हना केवळ तापण्यासाठीच सुमारे १९ वॅट वीज लागते. शिवाय त्यांस तीनशे व्होल्टच्या आसपासचा दाब हवा. असे यंत्र हातगाडीवर चालविणे अव्यवहार्य आहे. भाषणासाठी बनविलेली कित्येक ट्रान्झिस्टर यंत्रे मात्र घरच्या विजेवर तशीच १२ व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवरही चालतात. कर्णा हा दिवाणखान्यात दोष असला तरी उघड्या रस्त्यावर, ताशांच्या गजरात, सूर पुढे पोचविणारे तेच योग्य साधन होय. कोळीगीताची चाल कर्ण्यातून किंचित फाटून येते तेव्हा श्रोत्यास ती बिघडलेली वाटत नाही. बेंजोचा आवाज असाच असतो, अशी त्याची धारणा असते. लंडनमध्ये क्लॅप्टनच्या श्रोत्यांची जी धारणा झाली तिच्याशी हिचे नाते स्पष्ट आहे. दोन्हीकडे यंत्राची मर्यादा ही वाद्याची ओळख बनली. या कलेस चित्रपटाचा विषय होण्याइतकी प्रसिद्धी रवी जाधव यांच्या ‘बँजो’ (२०१६) या चित्रपटाने दिली. परंतु ज्या यंत्राने तिला आवाज दिला ते अद्याप इतिहासाबाहेरच आहे.

६

पुढील कालखंडाचा परामर्श थोडक्यात घेता येईल. १ मे १९७३ रोजी अंधेरी पूर्वेस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, सुरू झाले. ज्या उपनगरात परदेशासाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनू लागल्या तेथील गिटारवादकास परदेशी अँप्लिफायर परवान्यावाचून आणता येत नव्हता, हा विरोधाभास त्या धोरणाचे स्वरूप दाखवितो. १९८६ मध्ये धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर बंधने सैल होत गेली आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या वस्तूंवरील संख्यात्मक आयातनिर्बंधही उठले. अशा रीतीने पर्याय शोधण्याचे मूळ कारण नाहीसे झाले.

मात्र पर्यायाचा प्रश्न नाहीसा झाला नाही. त्याचे कारण बदलले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. एसी-३० मधील जातीचा स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबल आवाज देतो. पूर्ण ३० वॅटवर हा आकडा ११५ च्या घरात जातो. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या सहनिवासातील खोलीत त्या यंत्राचा खरा नाद, म्हणजे अतिभाराखालचा नाद, काढणे शक्यच नाही. म्हणून आजचा वादक लहान ट्रान्झिस्टर यंत्राकडे, किंवा १९९० नंतरच्या दशकात आलेल्या व संगणकीय गणिताने जुन्या मंडलांचे अनुकरण करणाऱ्या यंत्राकडे, आणि श्रवणिकेकडे वळतो. पूर्वी चलनाने जे नाकारले ते आता भिंतीने नाकारले आहे.

तिकडे ‘मूळ’ही स्थिर राहिलेले नाही. व्हॉक्स हे नाव १९९२ पासून जपानच्या कॉर्ग कंपनीकडे आहे आणि त्याची बरीच यंत्रे चीन व व्हिएतनाम येथे तयार होऊ लागली. मार्शल कंपनी २०२३ मध्ये स्वीडनच्या उद्योगसमूहाकडे गेली. ब्रिटनमधील व्हॉल्व्हचे मोठे कारखाने केव्हाच बंद पडले असून आज ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. विलायती नावाच्या यंत्रात विलायती असे काय उरले, हा प्रश्न विचारणे म्हणून अप्रस्तुत ठरत नाही. जे उरले ते मंडलाची रचना आणि त्या नादाविषयीची श्रोत्यांची अपेक्षा.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष मांडताना एका अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. विलायती यंत्रही बदलीच होते, म्हणून सर्व बदल्या सारख्याच योग्यतेच्या, असे अनुमान काढता येणार नाही. भाषणाच्या अँप्लिफायरावर गिटार वाजविणाऱ्याने खरोखरच काही गमावले. बोटाच्या दाबाप्रमाणे स्वच्छतेकडून रांगडेपणाकडे हळूहळू सरकण्याची जी सोय व्हॉल्व्हच्या यंत्रात होती, ती त्यास मिळाली नाही. ब्रिटनमध्ये कारागिराच्या बदलीस दुकान, कारखाना आणि ध्वनिमुद्रिकांचा जागतिक बाजार लाभला. म्हणून तिला नाव मिळाले व ती ‘मूळ’ झाली. मुंबईतील मिस्त्रीने बांधलेल्या यंत्रास तसा बाजार लाभला नाही. त्याच्या पुढच्या पट्टीवर बहुधा नावही नव्हते. तेव्हा मूळ आणि बदली यांतील भेद हा प्रथमतः गुणाचा नसून नाव लागण्याचा आणि न लागण्याचा आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. गुणदोषांची चर्चा त्यानंतरची.

या भेदाचा परिणाम इतिहासाच्या साधनांवरही होतो. नाव असलेल्या यंत्राच्या अनुक्रमांकांच्या याद्या होतात, संग्राहक त्यास जपतात. बिननावी यंत्र भंगारात जाते. उपनगरांतील मंडप व्यावसायिकांच्या भाड्याच्या वह्या, दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी हाताने काढलेली मंडले, बेंजो पार्ट्यांचे हिशेब आणि जुन्या वादकांच्या आठवणी ही या विषयाची खरी साधने होत. व्हॉल्व्हवर हात बसलेली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि पुनर्विकासात जुनी दुकाने वेगाने हटत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथील अशा एकेका दुकानाची व एकेका पार्टीची नोंद हाती घेतली, प्रत्येक यंत्राविषयी वर सांगितलेले चार घटक तपासून लिहून ठेवले, आणि ते यंत्र कोणत्या प्रसंगी, कोणत्या वाद्यासाठी वापरले गेले हे टिपले, तर ‘नक्कल’ या एका शब्दाखाली झाकला गेलेला निवडींचा फार मोठा इतिहास हाती लागेल. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.